जोडीदार, पुल्लिंगी

आईनं कढई उतरवली, हात पुसले, घसा खाकरला आणि फ्रिजला उद्देशून म्हणाली, "तर मित्रमैत्रिणींनो, या विषयात लाजण्यासारखं काहीही नाही."

"फ्रिज लाजत नाहीये," लेक म्हणाला. "तूच लाजते आहेस."

"गप रे! चुका काढ, टोमणे नकोत."

उद्या तिला कॉलेजात बोलायचं होतं. दवाखान्यात लोकांचं रक्त काढण्यात तिची वीस वर्षं गेली होती, पण चार लोकांसमोर भाषण तिनं कधी केलं नव्हतं. शरीरसंबंधांतून होणारे आजार, ते टाळायचे कसे, तपासणी कधी करायची, हे खरं तर डॉक्टरीणबाई सांगणार होत्या. त्या ऐनवेळी सटकल्या आणि हे घोंगडं हिच्या गळ्यात पडलं. घरात ऐकणारा एकच, बावीस वर्षांचा लेक. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. लोकांचे कानेमात्रे सुधारण्याचा त्याला पगार मिळे. आईची सेवा मात्र फुकट.

"मुलानं मुलीबरोबर संबंध ठेवताना कंडोम वापरावा," आई फ्रिजला म्हणाली. "आणि तिची संमती असेल तरच..."

लेक लसूण सोलत होता. त्याचा हात थांबला.

"'मुलीबरोबर' नको, आई. 'जोडीदाराबरोबर' म्हण."

"बरं बाबा. जोडीदाराबरोबर. आणि तिची संमती..."

"त्याची. जोडीदार पुल्लिंगी आहे."

"अरे, पण मी मुलांना सांगतेय ना! मुलाचा जोडीदार 'तो' कसा होईल? जोडीदारीण म्हणू का मग?"

"नको. राहू दे तसंच. तो."

आई हसायला गेली आणि थांबली. लेक मान वर करत नव्हता. सोललेलीच पाकळी तो पुन्हा सोलत होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.

"उद्या समोर असाही एखादा मुलगा बसला असेल," तो म्हणाला. "तुझ्या अख्ख्या भाषणात त्याच्यासाठी काय आहे?"

"काहीच नाही," आई म्हणाली. "मलाच कोणी शिकवलं नाही रे. आमच्या प्रशिक्षणात बाई म्हणाल्या, असलेही लोक असतात. आणि चहाची सुट्टी झाली."

त्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"त्या मुलाला काही त्रास होतोय का?" आईचा आवाज दवाखान्यातला झाला होता, जपून विचारणारा. "ताप, पुरळ, जखम, काही?"

"नाही. पण तपासणी करून घ्यायला हवी, एवढं त्याला कळतं. जीव टांगणीला लागलाय त्याचा. दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला."

"परत का आला? कोणाची भीती आहे? आम्ही काय खातो का माणसांना?"

"रक्त काढायला तिथे त्याची आई बसते."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रोज परक्या पोरांना ती 'घाबरू नकोस राजा' म्हणत होती, आणि तिचं स्वतःचं पोर फाटकातून मागे फिरलं होतं. तिला भयंकर वाईट वाटलं.

"मी काय केलं असतं रे तुला?"

"काही नसतं केलंस. पण तुझं तोंड उतरलेलं बघायची हिंमत नव्हती माझी."

"मग बघ आता. उतरलंय?"

त्यानं पाहिलं. नाक लाल, डोळे भरलेले, केस घामानं कपाळाला चिकटलेले. पण आई होती तिथेच बसून होती.

"थोडंसं," तो म्हणाला.

"ते रडण्यानं. उद्या भाषण संपलं की दवाखान्यात ये. मी उठते, दुसऱ्या बाईंना बसवते. निकालही तुझा तूच घे. मी विचारणार नाही."

"तूच काढ. त्या फार टोचतात."

आई नाक ओढत हसली. मग तिनं त्याच्यापुढची लसणाची ताटली आपल्याकडे घेतली आणि उरलेल्या पाकळ्या सोलायला लागली.

"आणि त्याचं काय?" तिनं विचारलं.

"कोणाचं?"

"तुझ्या जोडीदाराचं. एकट्याची तपासणी करून काय उपयोग? त्यालाही घेऊन ये." ती क्षणभर थांबली. "आणि काहीतरी खाऊन ये म्हणावं. सुई पाहून चक्कर येणारा नाही ना तो?"

"येते चक्कर त्याला," लेक म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला रडू फुटलं.