उन्हाची उलटी पट्टी

"ओरडू नकोस! तुमच्या गल्लीला दुपारी वीज कमीच लागते, कॉम्प्युटर सांगतोय!" काका म्हणाला.

"मग कॉम्प्युटरलाच पाठव घरी, आईजवळ बसायला!"

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं. आईच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन आहे, विजेवर चालणारं. या उन्हाळ्यात रोज भर दुपारी वीज जाते, आणि आईचे ओठ निळे पडतात. काका इथे विजेच्या कंट्रोल रूममध्ये आहे, बाबांच्याच खुर्चीत. कुठे किती वीज लागेल ते आता कॉम्प्युटर आदल्या दिवशी सांगतो. सांगेल तेवढीच गल्लीला मिळते. जास्त ओढली की लाइन बंद.

"कमी का लागते, ते सांगतो का तुझा शहाणा?"

"सांगतो की." काकाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. प्रत्येक कारणाची एक पट्टी. उजवीकडे गेली तर मागणी वाढणार, डावीकडे गेली तर घटणार. सगळ्या शहरात उन्हाची पट्टी उजवीकडे. फक्त आमच्या गल्लीत डावीकडे, लांबलचक.

"येडाय का हा? ऊन वाढलं की आम्ही पंखे बंद करतो?"

काका त्या पट्टीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा करायचा. तुझे बाबा."

ऊन चढून वीज अपुरी पडली की एखाद्या गल्लीची वीज तोडावीच लागते. बाबा पहिली आमची तोडायचे. स्वतःचं घर सांभाळलं, असं कुणी म्हणायला नको. ते घरी आले की आई घाम पुसत म्हणायची, "आले बघ हरिश्चंद्र." इतकी वर्षं हेच बघून कॉम्प्युटर शिकला, की ऊन चढलं की या लोकांना वीज नकोच असते.

माणूस गेला, हात अजून बटणावरच.

"त्याच्या ड्यूटीचे दिवस वगळले की सुधारेल," काका म्हणाला.

"मग वगळ ना!"

त्याने बोट उचललं आणि तसंच धरलं. "आत्ता कुठे दिसला रे मला तो."

मीच बटण दाबलं. पट्टी आखडत गेली, संपली, आणि उजवीकडे निघाली. इतर चार गल्ल्यांसारखी.

"झालं?"

"उद्यापासून. आजचा आकडा कालच गेलाय."

म्हणजे आजची दुपार अजून बाबांचीच. फोन वाजतोय, आईजवळ बसलेल्या शेजारच्या काकूंचा. न उचलताच कळलं, वीज गेली. मला निघायला हवं आता.