कुलूपवाल्याचा पासवर्ड

गल्लीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या कुलूपवाल्याने बनवल्या होत्या, आणि एकाची किल्ली दुसऱ्याच्या नजरेस पडू द्यायची नाही हा त्याचा नेम होता. नेम चांगलाच; पण तो त्याने घरच्या कॉम्प्युटरलाही लावला. पासवर्ड फक्त त्याला ठाऊक. त्याची बायको त्याच कॉम्प्युटरवर एका शिवणकारखान्यासाठी कपड्यांचे पॅटर्न आखायची. आखणीचा प्रोग्राम उघडला की पडद्यावर चौकट यायची: या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? पासवर्ड टाका. मग ती "अहो" म्हणून हाक मारायची, तो हातातली कानस ठेवून यायचा, "तिकडे बघ" म्हणायचा, आणि ती मुकाट्याने खिडकीकडे तोंड करायची. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईने स्वतःच्या कामासाठी मान फिरवून बसायचं, यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं. निदान त्याला तरी नाही.

मंगळवारी तो कुणाची तरी तिजोरी उघडायला गेला आणि फोन घरीच विसरला. कारखान्याला दुपारपर्यंत बाह्यांचे पॅटर्न हवे होते. चौकट पडद्यावर ढिम्म बसून राहिली. कारखान्याच्या बाईंनी उद्यापर्यंत थांबायचं कबूल केलं, पण गोड शब्दांत हेही सांगितलं की पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल.

संध्याकाळी तिने नवऱ्यादेखत त्याच्या भाचीला फोन लावला. भाची एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते.

"दोन वाटा आहेत," भाची म्हणाली. "मामीला पासवर्ड द्या, नाहीतर विचारणंच बंद करा. पण मामा, बंद केलंत तर कुठलाही भुरटा प्रोग्राम न विचारता आत शिरेल. तुम्ही कुलपं करता, तुम्हाला मी काय सांगायचं?"

"मग पासवर्डच सांगा की," बायको म्हणाली.

कुलूपवाल्याने डोकं खाजवलं. "बंदच करून टाकू. कटकट मिटेल."

त्याने सगळं मोकळं करून टाकलं आणि मोठे उपकार केल्यासारखा खुर्चीवरून उठला. अख्ख्या जगाला दार उघडं ठेवायला तो तयार झाला, पण बायकोच्या हाती किल्ली द्यायला नाही. तिला हवं ते मिळालं होतं आणि तिला रडू येत होतं. हे सांगणार तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर तिने बाह्या आखून पाठवल्या. मग तिच्या ध्यानात आलं की आता हा कॉम्प्युटर कुणालाच काही विचारत नाही, म्हणजे तिलाही नाही. भाचीला फोनवर विचारत विचारत तिने चौकट पुन्हा चालू केली आणि जुना पासवर्ड काढून नवा घातला.

संध्याकाळी त्याला किल्ल्या कापायच्या यंत्राचा प्रोग्राम बसवायचा होता. ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बटणांचा खडखडाट झाला, थांबला, पुन्हा झाला.

"अगं, हा पासवर्ड घेत नाहीये."

"मी बदललाय."

तो चिडतोय की आर्जवं करतोय, याची तिने वाट पाहिली नाही. जागेवरूनच तिने नवा पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.