नऊ वाजताचा निरोप

पस्तीस वर्षं झाली, लाखनीत हायवेले लागून माहं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. पुंडलिकराव मेकॅनिक म्हना, कोनीही बोट दाखवन. या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळली होती. सेट नीट दुरुस्त झाला की गिऱ्हाईक परत येत नाही. कच्चं काम करनाऱ्याकडं लोक रोज जातात, शिव्या देतात, चहा पितात. माह्याकडं कोनी फिरकत नाही. याचा लय गर्व होता मले. तोच नडला.

बायको कलाबाई जाऊन दोन वर्षं झाली. पोरगी रुचिका पुण्यात, कम्प्युटरच्या कंपनीत. तिचा फोन आला की मी "बरी आहेस ना?" म्हनो अन् फोन कलाच्या हाती देऊन मोकळा होवो. त्या मायलेकी मंग तासभर बोलत. आता फोन द्यायले घरात कोनी नाही, अन् मले बोलता येत नाही. "जेवलात का?" "जेवलो." सरलं.

मागच्या साली मले हलकासा लकवा मारून गेला. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. रुचिका आली, आठ दिवस राहिली, दुकानात एक जुना कम्प्युटर बसवून दिला अन् जाताना अट घातली, "बाबा, रोज सकाळी नऊच्या आत मला चॅटवर लिहायचं. उठलो, गोळी घेतली, बरा आहे. एवढंच. नाही आलं तर मी फोन करणार."

आता बधिर बोटानं टायपनं! एक अक्षर सापडे त दुसरं हरपे. नऊचे सव्वानऊ होत अन् फोन वाजे. "बाबा! काहून नाही लिहिलं? माहा जीव टांगनीले लागते ना!" पुण्यात राहून पोरगी शुद्ध बोलते, पन घाबरली की बोली लाखनीचीच निघते. मंग गोळी कोनती घेतली, भाजी काय केली, सारं विचारे अन् दहा मिनिटं मले झापे. गिऱ्हाइकासमोर! मले राग ये. या वयात शाळेतल्या पोट्ट्यासारखी हजेरी कायले द्यावी?

म्हनलं, थांब. मेकॅनिक आहो मी.

व्हिडिओ पाहू पाहू अडीचशे रुपयांचा बोटभर बोर्ड मागवला. हा यूएसबीत खोचला की कम्प्युटरले वाटते, कीबोर्डच लावला. आपन जे त्याच्यात भरून ठेवलं ते तो आपोआप टायपते. आधी लेकाचा घाई करे, चॅट उघडायच्या आधीच टायपून मोकळा. त्याले थांबनं शिकवलं, वीस सेकंद इथं, पाच सेकंद तिथं. जुन्या रिमोटच्या डब्बीत बसवला. मंग दुरुस्त सेट चालवून पाहतो तसा कोऱ्या पानावर चार तास चालवून पाहिला. एकदाही चुकला नाही.

बाजूचा चहावाला डोमा पाहून म्हने, "भाऊ, डब्बीत भूत कोंडलं का जी?"

"भूत भाकर मागते. हे फुकट राबते," मी म्हनलं.

सकाळी डब्बी खोचली की इंग्रजी अक्षरांत निरोप पुण्याले. थोड्या वेळानं तिचं उत्तर ये, "छान बाबा. काळजी घ्या." मी खुश. महिना झाला तवा ध्यानात आलं, फोन वाजलाच नाही. मी काम इतकं पक्कं केलं की पोरीले फोन करायचं कारनच उरलं नाही.

एकदा मीच केला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही झालं का?"

"नाही."

"मग संध्याकाळी बोलू." संध्याकाळी विसरली असन. कामाची आहे पोरगी.

काल मंगळवारी म्हनलं, मरो. डब्बी खोचलीच नाही, ड्रॉवरमध्ये टाकली. लबाडी होती, मले कळते. चांगल्या सेटचा तार मुद्दाम तोडनंच झालं ते. पन मले तिचं झापनं ऐकायचं होतं. फोन समोर ठेवला. भाजी विचारन म्हनून मुद्दाम वांगं-आलूची केली होती. ट्रकांच्या आवाजात रिंग ऐकू यावी म्हनून शटर अर्धं खाली ओढलं. नऊ वाजले. नऊ पाच.

नऊ दहाले कम्प्युटर टिंग वाजला.

"छान बाबा. काळजी घ्या."

वर पाहिलं, खाली पाहिलं. माहा निरोप गेलाच नव्हता. मंग मागचे सारे उत्तरं काढून पाहिले. नऊ दहा. नऊ दहा. रविवारीही नऊ दहा. पोरीनंही तिकडं काहीतरी बसवून ठेवलं होतं.

आधी हसू आलं. बापावर गेली, काम पक्कं केलं! मंग रडू आलं, ते आवरलंच नाही. महिनाभर दोन मशिनी एकमेकींची तब्येत विचारत होत्या, अन् आम्ही बापलेक मधात कुठंच नव्हतो.

डोमा चहा घेऊन वाकून आत आला. "भाऊ, शटर काहून पाडलं जी? बरं नाही का?"

"बरा आहो," मी म्हनलं. "उठलो. गोळी घेतली."

तो गेल्यावर वाटलं, पोरीनं कधी चॅट उघडली अन् हे बिननिरोपाचं उत्तर पाहिलं त जीवाले लावून घेईन. लाज वाटन तिले. मी झटकन डब्बी खोचली. निरोप गेला, नऊ चाळीसले. मंग दिसलं की उलटं पडलं, उत्तर वर अन् निरोप खाली. आता काही करता येत नव्हतं. वाचलं तिनं, त तिले कळनच. कळलं त ती फोन करनच. खोटं कायले बोलू, मले बरंच वाटलं.

आज बुधवार. सकाळी नेमानं डब्बी खोचली, नऊ दहाले उत्तर आलं. आता दुपार कलून राहिली. कालची भाजी तशीच आहे, अन् फोन अजून वाजला नाही.