कवटीवाल्याची बायको

मरण रंगवण्यात त्याचा हातखंडा होता. राख, हाडं, विझत चाललेले डोळे. प्रदर्शनात लोक त्याच्या चित्रांपुढे गप्प होत. चित्रकार मित्र त्याला 'कवटीवाले' म्हणत आणि तोही ते नाव मिरवत असे.

मग बायकोच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्तन काढावा लागेल. पुढचं आत बघितल्यावरच कळेल."

तेव्हापासून त्याची पाचावर धारण बसली. ब्रश उचलला की तसाच खाली ठेवून देई. बायकोशी बोलताना तो खिडकीबाहेर बघे, झोपताना भिंतीकडे तोंड करी.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती त्याच्या कामाच्या खोलीत आली. दाराला कडी घातली, खुर्चीवरच्या रंगाच्या ट्यूबा बाजूला सारल्या आणि ब्लाउज काढून बसली.

"काढा माझं चित्र."

"नाही जमणार गं मला."

"इतकी मढी रंगवलीत, आणि जिवंत बायकोकडे बघायला घाबरता?"

"मढं असं टाकून बोलत नाही."

ती खो खो हसली. हसताना तिची छाती हलली. उद्या हे नसेल. कदाचित हीसुद्धा.

त्यानं रंग कालवला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे अंग त्यानं अंधारातच ओळखलं होतं. लेकीला पाजल्यानंतर राहिलेल्या फिकट रेषा, स्तनाखालचा तीळ, आज पहिल्यांदाच दिसले. ब्रश जिथे फिरे, तिथे आपलंच बोट फिरतंय असं त्याला वाटे. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. देवापुढे कधी हात न जोडणारा तो गाठीच्या जागेपाशी आला, तेव्हा पुटपुटला, "राहू दे रे हिला."

"कुणाशी बोलताय?"

"माहीत नाही."

ती म्हणाली, "मलाही फार भीती वाटतेय हो."

ब्रश टाकून तो उठला, गुडघ्यांवर बसला आणि तिच्या छातीवर कान टेकला. आत काळीज धाडधाड उडत होतं.

ऑपरेशन पार पडलं. गाठ पसरली नव्हती, पण तपासण्या चालूच राहणार होत्या. घरी आल्यावर ड्रेसिंग बदलायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. पहिल्या दिवशी सपाट जागेवरचे काळे टाके दिसले. तो पलंगाच्या काठावर टेकला, कापूस ओला केला.

"दुखलं तर सांग."

"सांगते. तुम्ही आधी श्वास घ्या."