यंदाचा चषक आबांचा

यॉट क्लबात एकूण सात बोटी आहेत आणि दर वर्षी जोडून सुट्ट्या आल्या की त्यातल्या शनिवारी त्यांची शर्यत होते. चषक कोणाला मिळणार हे कित्येक वर्षे आधीच ठरलेले असते. पहिल्या वर्षी जजसाहेब जिंकले, कारण ते अध्यक्ष होते. मग एकेकाचा नंबर लागत गेला आणि गेल्या वर्षी दाताचे डॉक्टर जिंकले. ज्याचा नंबर असेल त्याने पुढे जायचे, बाकी सहांनी मागे राहायचे, एवढाच काय तो खेळ. "शर्यतीपायी मैत्री बिघडता कामा नये," असे जजसाहेब म्हणत. निवृत्त न्यायाधीशाने निकाल आधी लावावा आणि सुनावणी नंतर घ्यावी, यात क्लबात कोणालाच काही वावगे वाटले नव्हते.

यंदा नंबर आबांचा होता.

आबा पाणीपुरवठा खात्यातले अभियंते. चौतीस वर्षे त्यांनी पाणी नळातून नेले. पाण्यावरून स्वतः जायची वेळ निवृत्तीनंतर आली आणि ते त्यांची बोट पाहणाऱ्याला लगेच कळे. गेली सहा वर्षे ते मागे राहण्याचे कर्तव्य इतके चोख बजावत आले होते की त्यात सौजन्य किती आणि नाइलाज किती, हे डॉक्टरांनाही सांगता आले नसते. आजीने दिवाणखान्यातल्या कपाटावरची फुलदाणी आठवडाभर आधीच हलवली होती. "जागा करून ठेवलीय," ती म्हणाली. "पण पुसायचा तुम्हीच."

पण आबांना चषक कपाटासाठी नको होता. सुट्टीला दहा वर्षांची नात आली होती आणि बोटीवर त्यांच्या जोडीला तीच बसणार होती. तिच्या बापाने, म्हणजे आबांच्या मुलाने, फोनवर सांगितले होते, "बाबा, काठाकाठानेच जा. आणि शक्यतो तिलाच चालवू द्या." मुलीने उन्हाळी शिबिरात दहा दिवस शिडाची बोट चालवली होती. निदान एकदा तिच्यादेखत जिंकायचे, असे आबांनी मनाशी पक्के केले होते. तिला त्यांनी सांगितले होते की यंदा आपण जिंकणार. कसे, ते सांगितले नव्हते.

धक्क्यावरून निघायचे, समोर पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी बोयाला वळसा घालायचा आणि परत धक्क्याला यायचे. धक्क्यावर जजसाहेबांच्या पत्नी भोंगा घेऊन बसल्या होत्या. जी बोट आधी येईल तिच्यासाठी वाजवायचा, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते.

जाताना वारा समोरून होता. आबा डावीकडे गेले, उजवीकडे गेले, मग पुन्हा तिथेच आले. त्यांच्या मागे राहणे हे सोपे काम नव्हते. क्लबातल्या छापखानेवाल्याने सुकाणू सोडून टोपी शोधायला घेतली. जजसाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग सरळ नांगर टाकला.

"आबा, ते थांबले का?" नातीने विचारले.

"वाऱ्याचं काही सांगता येत नाही बाळा. कोणाला मिळतो, कोणाला नाही."

नातीने जजसाहेबांच्या नांगराच्या दोराकडे पाहिले, आबांकडे पाहिले आणि ती शिडाचा दोर ओढू लागली.

पाऊण तासाने बोया आला. आबा वळले, वळताना बोटीची कूस त्याला घासली आणि बोया दोनदा डुचमळला.

"आबा, लागला."

"काय लागलं?"

"बोया. आता एक पूर्ण गिरकी घ्यायची. नियम आहे."

आबांनी मागे पाहिले. सगळे मान वळवून लांब कुठेतरी बघत होते. सहा वर्षांच्या सरावाने आबांना ओळखता आले, की ही त्यांची सभ्यता आहे.

"कोणी पाहिलं नाही गं."

"मी पाहिलं ना."

पुढे मोकळे पाणी होते. वारा आता पाठीवर होता आणि धक्का समोर दिसत होता. भोंगासुद्धा दिसत होता. आबांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि सुकाणू फिरवले.

गिरकी अर्धी झाली आणि बोट वाऱ्याकडे तोंड करून अडली. शीड फडफडू लागले. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले. एव्हाना डॉक्टरांची बोट बोयाला वळसा घालून मागोमाग येऊन ठेपली होती.

"अहो, काय चाललंय काय?" डॉक्टर ओरडले.

"गिरकी घेतोय! तुम्ही थांबा!"

"कसा थांबू? नांगर घरी राहिलाय!"

डॉक्टरांचा नांगर दोन वर्षे त्यांच्या बागेचे फाटक उघडे धरून ठेवण्याच्या कामावर होता. त्यांनी घाईघाईने शीड उतरवले, पण वारा कोणाच्या नंबरावर चालत नाही. बोट आडवी वळली, मग उलट तोंडाने फिरली आणि डॉक्टर वल्ह्याने पाणी मागे सारत, आबांची क्षमा मागत, पाठमोरे धक्क्याला लागले. जजसाहेबांच्या पत्नींनी सांगितल्याप्रमाणे भोंगा वाजवला.

चषक गेलाच म्हटल्यावर बाकीच्यांनी धक्क्यावरच्या सँडविचकडे मोर्चा वळवला. तिसऱ्या खेपेला आबांची गिरकी पूर्ण झाली, तेव्हा पाण्यावर दुसरे कोणीच नव्हते.

क्लबाच्या खोलीत जजसाहेबांनी आबांना कोपऱ्यात घेतले. "काळजी करू नका. उलटी आलेली बोट ग्राह्य धरता येत नाही. तसा निकाल देतो."

"पण मी सातवा आलो, साहेब."

"त्याचं मी बघतो."

आबांनी खिडकीतून पाहिले. नात बोटीवर पाय पसरून शिडाची घडी घालत होती. "नियमावलीत बोटीचं तोंड पुढे हवं असं कुठे लिहिलंय?" ते म्हणाले.

"तुमचा नंबर जाईल. मग एकदम सात वर्षांनी."

"मी तेव्हा अठ्ठ्याहत्तरचा असेन."

"म्हणून तर म्हणतोय."

"राहू द्या."

डॉक्टरांनी सलग दुसऱ्यांदा चषक घेतला. स्वतःचीच दाढ उपटून हातात दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. एकाही फोटोत ते हसलेले नाहीत.

घरी जाताना नात म्हणाली, "ते सगळे मुद्दाम मागे राहत होते ना?"

"तुला कधी कळलं?"

"जजआजोबांनी नांगर टाकला तेव्हा. शर्यतीत नांगर कोण टाकतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जिंकत होतात ना. पण बोया खरंच लागला होता."

"लागला होता," आबा म्हणाले.

दारातच आजीने विचारले, "कितवे?"

"सातवे!" नातीने आनंदाने सांगितले. "आणि डॉक्टर उलटे आले!"

आजीने आबांकडे नीट पाहिले, आत गेली आणि कपाटावर परत ठेवायला फुलदाणी घेऊन आली. आबा चप्पल काढत नातीला विचारत होते की ती गिरकी मध्येच का अडते.

"तुम्ही सुकाणू खूप लवकर ढकलता," ती म्हणाली. "उद्या दाखवते."