पुढची चाकं

माझ्या यजमानांनी, आर्सेसिओंनी, आमची जुनी विलिस जीप मागच्या कॉफीच्या शेडमध्ये सुटी केली, घासली, पुन्हा जोडली. रविवारी गावात जीपांची मिरवणूक होती. मागे घरातलं सामान इतकं रचायचं, की चालताना पुढची चाकं हवेत उचलली गेली पाहिजेत.

त्यांनी पलंग, चूल, केळीचे घड, कोंबड्यांचं खुराडं असं सगळं चढवून पाहिलं. चाकं काही उठेनात. मुलं आपापलं सामान घेऊन शहरात गेल्यापासून घरच हलकं झालं होतं.

"राहू दे," ते खट्टू होऊन म्हणाले. "लोक हसतील. नाही जात आपण."

लग्नानंतर याच जीपच्या टोकाला, सामानावर बसून मी या घरी आले होते. मी डोलखुर्ची मागच्या टोकाला बांधायला लावली आणि तिच्यात जाऊन बसले.

"चालवा आता."

"अगं, पडशील."

"तेव्हा कुठे पडले होते?"

जीप अंगणात निघाली. समोरचं बॉनेट हळूहळू वर आलं, डोंगर खाली गेले आणि कॉफीच्या फुलांच्या वासात मी आभाळाकडे कलले.

"तेव्हापेक्षा वजनदार झालीस," पुढून आवाज आला.

"म्हणूनच न्या मला रविवारी," मी मागूनच म्हणाले.