कप उचलायचाच कशाला?

पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या बाई निवृत्तीनंतर ऑनलाइन ‘कल्पक विचार’ शिकवू लागल्या, तेव्हा संस्थेने एकच नियम घालून दिला होता: कोणाच्याही कल्पनेला नावे ठेवायची नाहीत. बाईंनी तो पाळला, पण पटवून घेतला नाही. ज्या प्रयोगातून ‘नाही’ असे उत्तर येऊच शकत नाही, त्याला प्रयोग म्हणायची त्यांना सवय नव्हती.

या खेपेस वर्गाला दिलेला प्रश्न घरचाच होता. बाईंच्या थोरल्या भावाचे हात आजारपणानंतर थरथरत. बाई त्याला चमच्याने चहा पाजत. दोन चमच्यांनंतर तो मान वळवून म्हणे, “पुरे.” चहासाठी जीव टाकणारा माणूस ‘पुरे’ म्हणू लागला, हे त्यांना सलत होते. त्याला आपल्या हाताने चहा पिता येईल, असे काहीतरी सुचवायचे होते.

पडद्यावर चित्रे येऊ लागली: झाकणाचा कप आला, दोन कानांचा आला, जड बुडाचा आला, मनगटाला बांधायचाही आला. प्रत्येकाखाली पसंतीच्या लाल बदामांचा सडा पडला. बाईही “छान, छान” म्हणत होत्या.

कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसलेला भाऊ खुर्चीसकट पुढे सरकला.

“काय गं चिमे, सगळंच छान, तर मी अजून चमच्यानंच का पितोय? तो मनगटाचा कप बांधलास, तर चहा थेट नाकात जाईल माझ्या!”

बाईंनी नियमाला रजा दिली.

“दादा, एकेक घे. नेमकं कुठे बिघडतं ते सांग.”

“काका, माझा जड कप?” सुतारकाम करणाऱ्या मुलीने भीतभीत विचारले.

“जड बरा. टेबलावर आहे तोवर हात गप्प असतो. उचलला की अंगात आल्यासारखा नाचतो.”

मुलीने स्वतःच्याच चित्राकडे पाहिले. “मग उचलायचाच कशाला?”

पुढच्या तासाआधी तिने पाठवलेली लाकडी घोडी घरी पोचली. हनुवटीच्या उंचीवर दोन खुंट्यांमध्ये कप अडकवलेला. बोटाने ढकलला की कलणारा. वर्गासमोर दादाने बोट लावले. पहिला घोट सदऱ्यावर गेला. दुसरा तोंडात. मग घोटाघोटाने कप रिकामा झाला.

“मॅडम,” मुलगी म्हणाली, “इथं मला बदाम पुष्कळ मिळाले. कुठं अडतं ते काकांनीच पहिल्यांदा सांगितलं. त्यांचे आभार माना ना.”

“माझेच आभार अजून तुंबलेत, बाळ,” बाई म्हणाल्या. “रांगेत तुझा नंबर दुसरा.”

दादाने ओठ पुसले. “घोडी झकास. चहा मात्र पाणचट. कुणी केला?”

“मी.”

“कळलंच. दुसरा टाक. आणि पूर्ण कप.”

वर्ग तसाच चालू ठेवून बाई स्वयंपाकघराकडे निघाल्या. इतक्या कृतज्ञतेने त्यांनी आजवर कोणाचा शेरा ऐकला नव्हता.